डक्टमधला खांब आणि पाच वर्षांची मुदत

दहाव्या मजल्यावरच्या जोडप्याने बाथरूम नव्याने करायला काढलं, म्हणून हे सगळं उघडकीला आलं. नाहीतर अजूनही आम्ही दर पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बिल्डरच्या माणसाला फोन करत बसलो असतो, आणि त्याने दर उन्हाळ्यात तिथे पुट्टी आणि रंग फासला असता.

जून 2023 ची गोष्ट. ठाण्यात घोडबंदर रोडवरची आमची इमारत बावीस मजली, दोन विंग. ड्रेनेजची लाइन बदलायला प्लंबर डक्टमध्ये, म्हणजे पाइप नेणाऱ्या उभ्या अरुंद पोकळीत, उतरला. पाइपाचा क्लॅम्प मारायला त्याने खांबावर हातोडी टेकवली, तर गिलावा बद्द वाजला. जरा ओढला तसा ताटाएवढा पोपडा हातात आला. आत खडी सुटी-सुटी दिसत होती, मध्ये पोकळ्या, सिमेंटचा पत्ता नाही, सळई गंजून लालभडक. प्लंबरने गंमत म्हणून स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्या अवस्थेतच फोटो काढून त्याने घरमालकाला पाठवला, तिथून तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि रात्री साडेदहाला माझ्या दारात सात जण उभे.

मी तेव्हा सोसायटीची सचिव होते. बँकेत तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई, म्हणजे फाइल सांभाळेल, एवढ्याच पात्रतेवर मला ते पद मिळालं होतं. काँक्रीटमधलं मला काही कळत नव्हतं. त्या रात्री एकच गोष्ट सुचली. प्लंबरला सांगितलं, तो खांब आता आहे तसाच ठेव, हात लावू नकोस.

पुढच्या आठवड्यात वकीलबाईंकडे गेलो. वाटलं होतं, त्या फोटो बघून हळहळतील. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि विचारलं, "पहिल्या फ्लॅटचा ताबा कधीचा?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कुणी म्हणालं डिसेंबर 2018, कुणी म्हणालं 2019. घरी येऊन एकशे बहात्तर फ्लॅटची ताबापत्रं मागवली. सगळ्यात जुनं निघालं 14 नोव्हेंबर 2018 चं. रेरा, म्हणजे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे बांधकामातला रचनेचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवासुविधांचा दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. ही पाच वर्षं प्रत्येक फ्लॅटच्या ताब्यापासून वेगळी मोजायची की कशी, खांब तर सगळ्यांचा, असे प्रश्न आम्ही विचारायला लागलो. बाई म्हणाल्या, "वाद घालायला बिल्डरचे वकील आहेत. तुम्ही सगळ्यात जुनी तारीख धरा आणि तिच्या आत नोटीस काढा." म्हणजे हातात पाच महिने होते. प्लंबर दिवाळीनंतर आला असता तर आम्ही मुदतीच्या बाहेरच होतो. मोफा कायद्यात, म्हणजे 1963 च्या महाराष्ट्राच्या जुन्या कायद्यात, ही मुदत तीन वर्षांचीच आहे, तेही तेव्हाच कळलं.

मुदतीवरून आठवलं. नवव्या मजल्यावर एक आजोबा राहतात, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांना आम्ही मागे 'पत्रमहर्षी' म्हणायचो. लिफ्टमधला दिवा गेला तरी ते फुलस्केपवर पत्र लिहिणार, दोन प्रती काढणार, आणि दुसरीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडणार नाहीत. 2020 च्या पावसाळ्यापासून त्यांनी बिल्डरच्या कार्यालयात डक्टच्या बाजूची ओल, भिंतीतली आडवी भेग, छताचे पोपडे यांबद्दल अकरा पत्रं दिली होती. आम्ही बाकीचे बिल्डरच्या अ‍ॅपवर तक्रार टाकायचो. तिथे दोन दिवसांनी 'क्लोज्ड' अशी हिरवी खूण यायची, आणि सोसायटीकडे कारभार आल्यावर ते अ‍ॅपच बंद झालं. आजोबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून त्या अकरा पोचपावत्या आणून टेबलावर ठेवल्या, तेव्हा वकीलबाईंनी पहिल्यांदा चहा घेतला.

मार्ग कोणकोणते, यावर त्या दिवशी बराच वेळ बोलणं झालं. सभेत नंतर मला हेच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

महारेरात, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे जायचं, हा एक. तिथे सोसायटी स्वतः तक्रारदार होऊ शकते, आणि मुख्य म्हणजे 'दुरुस्त करून दे' असा आदेश मागता येतो. ग्राहक आयोग हा दुसरा. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इम्पिरिया स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद झालेला नाही, निवड ग्राहकाची. पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, आणि कुठल्या आयोगात जायचं ते मोजलेल्या किमतीवर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. आमच्याकडे वन बीएचके पन्नासच्या आतले आणि थ्री बीएचके कोटीच्या पुढचे. एकाच खांबासाठी निम्मी सोसायटी ठाण्यात आणि निम्मी मुंबईत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. दिवाणी कोर्टाचा विषय बाईंनी एका वाक्यात मिटवला. ज्याचा निर्णय रेराने करायचा, त्यात दिवाणी कोर्टाला अधिकार नाही, कलम 79.

आमच्या अध्यक्षांना मात्र महापालिकेत तक्रार करायची होती. "आयुक्तांनाच पत्र देऊ, बिल्डरचं धाबं दणाणेल." बाई म्हणाल्या, जरूर द्या, पण धोकादायक इमारतीची नोटीस निघाली तर ती राहणाऱ्यांच्याही दारावर लागते, दुरुस्त करा नाहीतर रिकामी करा. ठाण्यात राहणाऱ्याला पालिकेच्या त्या नोटिसीचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. अध्यक्ष गप्प झाले. पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा हाही पर्याय होता, पण इंजिनिअरचा अहवाल हातात नसताना तिथे जाण्यात राम नव्हता.

अहवाल! पैसा आणि भांडणं दोन्ही इथेच सुरू झाली. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संरचना विभागाकडून तपासणी करून घ्यायची असं ठरलं. बिल्डरच्या पॅनेलवरचा माणूस नको आणि आमच्या ओळखीतलाही नको. खर्चाला सिंकिंग फंडातले, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेले पैसे वापरायचे तर सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी. म्हणून विशेष सभा.

ती सभा मी विसरणार नाही. मला वाटलं होतं, खांबाचा फोटो बघून सगळे एका आवाजात हात वर करतील. पण पहिला प्रश्न आला, "हे बाहेर गेलं तर रेट काय राहील?" दुसरा, भाड्याने फ्लॅट दिलेल्यांचा, "आम्ही इथे राहतच नाही, आमच्याकडून वर्गणी का?" कुणीतरी मोबाइलवर गुरुग्रामच्या चिंटेल्स पॅराडिसोचे फोटो फिरवायला लागलं. 10 फेब्रुवारी 2022 ला तिथे अठरा मजली टॉवरमधला सहाव्या मजल्यावरचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब घेऊन पहिल्या मजल्यापर्यंत गेला. दोन स्त्रिया गेल्या. दिल्ली आयआयटीच्या अहवालात काँक्रीटमध्ये क्लोराइड आणि त्यामुळे सळया गंजल्याचं निघालं, आणि दुरुस्ती करून उपयोग नाही, असंही. ती इमारत काही पडकी नव्हती, बाहेरून आमच्यासारखीच चकचकीत होती. हॉलमध्ये दोन मिनिटं पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

तेवढ्यात बिल्डरचा माणूस प्रस्ताव घेऊन आला. बाहेरून संपूर्ण इमारतीला टेक्स्चर पेंट आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, फुकट. सोबत एक पानाचं पत्र, त्यावर सोसायटीने सही करायची. पत्रात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं, की यानंतर इमारतीच्या बांधकामाबाबत सोसायटीची कोणतीही तक्रार उरलेली नाही. बँकेत असताना मी अशी वाक्यं कर्जदारांकडून लिहून घ्यायचे, त्यामुळे लगेच दिसलं. तरीही निम्म्या लोकांना रंग हवा होता. मतदान झालं. 61 विरुद्ध 48. तेरा मतांनी आम्ही सही करण्यापासून वाचलो.

ऑगस्टमध्ये नोटीस गेली. स्पीड पोस्टाने, ईमेलने, आणि आजोबांच्या आग्रहाखातर हातोहात देऊन पोचेचा शिक्काही घेतला. नोटिशीत फक्त डक्टमधला खांब लिहायचा नाही, हे बाईंनी बजावलं होतं. दिसलेले सगळे दोष विंगवार, मजलावार, फोटोसकट, आणि शेवटी 'तपासणीत आढळतील ते याच स्वरूपाचे इतर दोष'. शेवटचं वाक्य पुढे फार कामी आलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी बिल्डरची तुकडी आली. चार माणसं, मोर्टारच्या गोण्या, थापी. सरळ डक्टमध्ये शिरून खांब लिंपायला लागले. वॉचमनने फोन केला म्हणून मी धावत खाली गेले. "मॅडम, तुम्हीच तर तीस दिवसांत दुरुस्त करा म्हटलंय," त्यांचा सुपरवायझर अगदी साळसूदपणे म्हणाला. लिंपून झालं असतं की दुरुस्तीही झाली आणि पुरावाही गेला! मी त्याला म्हटलं, दुरुस्तीची पद्धत तुमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या सहीने लेखी द्या, मग हात लावा. तो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला बोलावून, टेप लावून, वर्तमानपत्राची तारीख दिसेल असे फोटो काढून, दोन्ही बाजूंना बोलावून पंचनामा केला. बिल्डरकडून कुणी आलं नाही, तेही पंचनाम्यात लिहिलं.

तपासणीच्या दिवसांत मी फारच शिकले. अल्ट्रासॉनिक चाचणीत खांबातून ध्वनिलहरी सोडतात. काँक्रीट भरीव असेल तर त्या झपकन पार होतात, पोकळ असेल तर वळसे घेत रेंगाळतात. आमच्या ग्रेडला सेकंदाला 3.75 किलोमीटरच्या खाली वेग गेला की काँक्रीट शंकास्पद. डक्टमधल्या खांबात 2.4 आला. पार्किंगमधल्या दोन खांबांतही तसाच, आणि ते खांब बाहेरून गुळगुळीत, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेले. फोडलेल्या जागी फिनॉल्फथॅलिन नावाचं रसायन फवारतात. काँक्रीट निरोगी असेल तर गुलाबी होतं. आमच्याकडे वरचा इंचभर थर तसाच करडा राहिला. खाडी जवळ म्हणून क्लोराइडची धास्ती होती. ते मात्र मर्यादेत निघालं, आणि तेवढ्यावर आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

शेवटी कोअर काढायचा प्रश्न आला. खांबातून मनगटाएवढा काँक्रीटचा दंडगोल कापून काढतात. लोक घाबरले, आधीच कमकुवत, त्यात भोक! इंजिनिअर सरांनी समजावलं की सळई चुकवून कापतात आणि न आकसणारं ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरून जागा बुजवतात. नकाशात खांबांचं काँक्रीट एम 30, म्हणजे 30 ताकदीच्या ग्रेडचं, लिहिलेलं. ते नकाशे बिल्डरने मागूनही दिले नव्हते. रेराच्या कलम 19 प्रमाणे ते मिळण्याचा आमचा हक्क आहे, पण हक्काच्या पत्राला उत्तर येईना. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज महापालिकेत टाकला आणि तिथून प्रती मिळवल्या. आय.एस. 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या 85 टक्के तरी हवी आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली नको. म्हणजे सरासरी 25.5 आणि एकेक किमान 22.5. आमचे तीन आले 24, 20 आणि 16. बेरीज-भागाकार मी स्वतः केला, सरासरी 20. आयुष्यभर आकड्यांत राहूनही कुठल्या आकड्याने मला असं पोटात ढवळून आलं नव्हतं. त्या खांबाच्या रेषेत, बाराव्या मजल्यावर, माझा हॉल आहे.

जानेवारी 2024 मध्ये महारेराकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली, नमुना 'अ', शुल्क पाच हजार. भरपाईचा अर्ज वेगळा, नमुना 'ब', तो न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे. आम्ही आधी दुरुस्ती मागितली आणि भरपाई मागून. हे बरोबर केलं की नाही, यावर आमच्यात आजही दोन तट आहेत.

मध्ये महारेराचा सलोखा मंच झाला. एका बाजूला ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला बिल्डर संघटनेचा. वातावरण खरंच चांगलं होतं, कुणी आवाज चढवला नाही. बिल्डर वॉटरप्रूफिंगला तयार, खांबांना नाही. तीन बैठका झाल्यावर आम्ही उठलो. कायद्यात साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा म्हटलंय. आमची पहिली खरी सुनावणी वर्षानंतर, तीही व्हिडिओवर, अकरा मिनिटांची.

बिल्डरचा बचाव अपेक्षितच होता. रहिवाशांनी आत तोडफोड केली, पाइप फिरवले, सोसायटीने देखभाल केली नाही, म्हणून दोष. करारनाम्यात तशी अट असतेच, फ्लॅटमध्ये फेरफार केले तर जबाबदारी नाही. म्हणूनच पार्किंगचे खांब कामी आले. तिथे कुणाचं बाथरूम? आणि 'सोसायटीच्या हलगर्जीपणा'ला आजोबांच्या अकरा पोचपावत्यांचं उत्तर होतं. पहिलीच ऑगस्ट 2020 ची, ताबा दिल्यापासून दोन वर्षांच्या आतली. सुनावणीत ती स्क्रीनवर दाखवली तेव्हा आजोबा आमच्या ऑफिसात इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

मधल्या काळात चौदाव्या मजल्यावरच्या एकाने गुपचूप फ्लॅट विकायला काढला. सोसायटीची ना-हरकत मागायला आला तेव्हा मी विचारलं, घेणाऱ्याला सांगितलंय का? तो म्हणाला, "बिल्डरने मला सांगितलं होतं का?" मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. वकीलबाईंनी नंतर सांगितलं की 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम 55 मध्ये, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा दोष उघड करणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. आम्ही बिल्डरविरुद्ध जे भांडत होतो, तेच आमच्यातल्या प्रत्येकावर लागू होतं. ना-हरकत पत्रात आम्ही महारेरातल्या तक्रारीचा क्रमांक टाकला. तो सौदा मोडला. त्यानंतर तो माणूस माझ्याशी बोलत नाही.

2025 च्या पावसाळ्याआधी आदेश आला. त्याच महाविद्यालयाच्या देखरेखीखाली खांब मजबूत करून द्यायचे, आधी टेकू लावायचे, कामानंतर पुन्हा चाचण्या, सगळा खर्च बिल्डरचा. त्याने अपील केलं. पैशांचा आदेश असेल तर अपिलाआधी बिल्डरला रक्कम भरावी लागते. पण आमच्या आदेशात दुरुस्ती, मग भरायचं काय, असा मुद्दा त्यांच्याकडून निघाला. भरपाई आधी मागायला हवी होती म्हणणारा तट तेव्हा चांगलाच मोठा झाला. पण स्थगिती मिळाली नाही, आणि आदेश न पाळल्यास प्रकल्पखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकणाऱ्या दंडाची आठवण करून देणारा अर्ज आम्ही टाकल्यावर, दसऱ्यानंतर पार्किंगमध्ये लोखंडी टेकू उभे राहिले.

आता काम चालू आहे. खांबाभोवती नव्या सळयांचा पिंजरा बांधून जाड थर चढवतात, त्याला जॅकेटिंग म्हणतात. तीन गाड्यांच्या जागा त्या जाडीत गेल्या आणि त्यावरून वेगळं भांडण सुरू झालं आहे. प्रत्येक वेळी काँक्रीट आलं की मी खाली जाऊन चलनावरची ग्रेड वाचते आणि चाचणीसाठीचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना-ठोकळे, भरताना उभी राहते. मिक्सरचा ड्रायव्हर मला साइट इंजिनिअर समजतो. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

भरपाईचा अर्ज अजून प्रलंबित आहे. म्हणून माझ्या हॉलच्या कोपऱ्यात, खांबाला लागून, तपासणीसाठी फोडलेली दोन फुटांची जागा तशीच उघडी आहे, आत तांबडी सळई दिसते. सून म्हणते, आई, पाहुणे येतात, निदान बुजवून घेऊ. वकीलबाई म्हणतात, निकाल लागेपर्यंत राहू द्या. मधला मार्ग म्हणून मी तिथे कालनिर्णय लटकवलंय. दर महिन्याला पान उलटायच्या निमित्ताने आत एकदा बघून घेते.